ठेचा आणि साय: लातूरच्या एका घरातले दोन शॅमेलिऑन

पार्श्वभूमी

लातुरात एका खासगी क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवणारे एक सर आहेत. घरी बायको, सहावीतला मुलगा आणि सरांची आई. गल्ली आणि ओळखीच्या एकदोन खुणा बदलल्या आहेत, बाकी घडलं तसं लिहिते. माझं मूळ काम साप पकडून सोडण्याचं. शॅमेलिऑन, म्हणजे झाडावर राहणारा रंगबदलू सरडा, मी स्वतः सहा वर्षं पाळते, त्यामुळे असे फोन फिरत फिरत माझ्याकडे येतात.

सरांनी दिवाळीत पुण्याच्या एका पाळणाऱ्याकडून व्हेल्ड शॅमेलिऑनची जोडी आणली होती. ही जात मूळची येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातली. डोक्यावर हाडाचा उंच तुरा, बाजूनं चपटं अंग, शेपटीची गुंडाळी. दोन्ही पिल्लं एकाच मादीच्या, एकाच वेळच्या अंड्यांतली, तीन महिन्यांची. नर कोणता हे लहानपणीच कळतं, कारण त्याच्या मागच्या पायाच्या टाचेवर बारीक काटा असतो. मुलानं आठवड्याभरात नावं ठेवली. फुसफुसणारा नर तो ठेचा. हातावर गप बसणारी मादी ती साय.

नावं गमतीची होती. पण नाव ठेवल्यावर त्या प्राण्याकडे नीट पाहणं सगळ्यांनीच सोडून दिलं, आणि त्यात पुढे मीही आले.

अडचण, सरांनी सांगितली तशी

मार्चअखेरीस फोन आला. “ताई, मादी एकदम गरीब आहे. पोराच्या खांद्यावर बसून टीव्ही बघते. नर मात्र हात दिसला की फुगतो, परवा चावला. त्याला तिच्यासारखं करायचंय.”

मी आधी कागदांचं विचारलं. ही जात साइटिस कराराच्या, म्हणजे वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनं अशा परदेशी प्राण्यांसाठी वेगळं प्रकरण आलं आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. सरांकडे फक्त विक्रेत्याची पावती होती. “नोंद करा, मग येते,” म्हटलं. त्यांनी चार दिवसांत अर्ज भरला.

पहिली भेट

एप्रिलचा पहिला आठवडा होता आणि सकाळी अकरालाच रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं. हॉलमध्ये दीड फुटी टेबलावर जाळीचे दोन पिंजरे एकमेकांना चिकटून ठेवलेले. एका बाजूला टीव्ही, दुसरीकडे स्वयंपाकघराचं दार. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस पिंजऱ्याच्या वरून वाकून बघत जायचा.

व्हेल्ड शॅमेलिऑन झाडावर राहतो आणि त्याचा शत्रू बहुतेकदा वरून येतो, म्हणजे पक्षी. वरून येणारा हात हा त्याच्या लेखी घारीचा पंजा असतो. त्यात शेजारच्या जाळीत दिवसभर दुसरा शॅमेलिऑन दिसतोय. हे प्राणी एकटे राहणारे आहेत, त्यांना सोबत नको असते. आपण पिंजरे शेजारी ठेवतो ते एकटं वाटू नये म्हणून, आणि त्यांच्या दृष्टीनं ते दिवसाचे बारा तास दारात उभं राहिलेलं भांडण असतं.

एका व्हिडिओत बघून मुलगा रोज ठेच्याला वीस मिनिटं हातात धरायचा, सवय लागावी म्हणून. मी म्हटलं, माझ्यासमोर धरून दाखव. ठेचा आधी काळसर झाला, मग बाजूनं पापडासारखा चपटा होऊन आडवा वळला, डोलू लागला, तोंड उघडून फुसफुसला. मुलानं हात मागे घेतला नाही, त्याला तसंच शिकवलं होतं. मग तो चावला. या चाव्यात विष नसतं, पण दातांची धार बोटाला चांगलीच कळते.

मला यात नवल वाटलं नाही. आपल्या भाषेत सरड्यासारखा रंग बदलणारा म्हणजे लबाड माणूस. शॅमेलिऑनच्या बाबतीत हे साफ उलट आहे, याच्याइतकं मनातलं अंगावर लिहिणारं जनावर क्वचित असेल. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये व्हेल्ड नरांच्या झुंजी चित्रित करून पाहिल्या. अंगावरचे पट्टे जितके उजळ, तितका नर पुढे चाल करून जाण्याची शक्यता जास्त होती. डोक्याचा रंग जितक्या झपाट्यानं उजळला, तितकी जिंकण्याची. ठेचा रोज स्पष्ट सांगत होता, ते कुणी वाचत नव्हतं इतकंच.

दुपारी दोनच्या सुमारास तो पुन्हा तोंड उघडून बसला. सर म्हणाले, “बघा, परत चिडला.” या वेळी मात्र तो फिकट पिवळसर पडला होता, चपटा झालेला नव्हता, आणि दिव्यापासून जमेल तितका लांब, खालच्या फांदीवर होता. हा राग नव्हता, उकाडा होता. इंटरनेटवरच्या तक्त्यात शेकायच्या जागी ३२ अंश लिहिलंय म्हणून सरांनी दिवा दिवसभर चालू ठेवलेला, आणि हॉलचंच तापमान ३७ दाखवत होतं. तो तक्ता थंड मुलखातल्या माणसानं केलेला असणार. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी शेक कसला द्यायचा, सावली द्यायची. तो दिवा बंद केला. अतिनील किरणांची नळी तेवढी चालू ठेवली, कारण तिच्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही.

आणि साय? ती खरंच मुलाच्या खांद्यावर होती. डोळे अर्धे मिटलेले, रंग गडद हिरवा, त्यावर निळे-पिवळे ठिपके. मी तिच्याकडे पाहिलं आणि दिवसभर हाताळून दमली असेल, असं मनात म्हटलं. बोलावणं ठेच्यासाठी होतं, वहीत नोंदही फक्त ठेच्याचीच केली.

कोणते पर्याय होते

चहा पिताना चार गोष्टी समोर आल्या. पहिली, आहे तसंच धरत राहायचं, कधीतरी तो दमेल. काही जण असं करतात आणि त्यांचं जनावर खरंच गप होतं. पण ते गप होणं म्हणजे माणसाळणं नव्हे, सुटका नाही हे कळल्यावर हातपाय गाळणं. महिनोन् महिने त्या ताणात राहिलेला शॅमेलिऑन खाणं सोडतो. दुसरा पर्याय, पुण्याला परत पाठवायचा. आजींचा कौल इकडे होता. “कामून छळायलास रे त्या मुक्या जिवाला? दे सोडून,” असं त्या नातवाला रोज म्हणत. परदेशी प्राणी रानात सोडता येत नाही हे मी त्यांना समजावलं. त्यांना ते पटलं असावं, पण आवडलं नाही.

तिसरा पर्याय, हात लावायचाच नाही, मत्स्यालयातल्या माशासारखं फक्त बघायचं. खरं सांगायचं तर बऱ्याच घरांना मी हाच सुचवते. इथं अडचण अशी की पिंजरा साफ करायला, डॉक्टरकडे न्यायला कधीतरी उचलावं लागणारच, आणि दर वेळी झटापट परवडत नाही. म्हणून चौथा: धरणं पूर्ण बंद, पिंजऱ्याची जागा बदलायची आणि हातावर यायचं की नाही हे त्याच्यावर सोपवायचं. याला महिने लागतात. शेवटी तो हातावर येईलच याची हमी नाही. सरांनी विचारलं, “नाहीच आला तर?” म्हटलं, मग तिसरा पर्याय.

मुलाचा चेहरा पडला. त्याला शनिवारी मित्रांना दाखवायचा होता. तो शनिवार रद्द झाला.

काय केलं

दुसऱ्याच दिवशी अँगलची रॅक आणून पिंजरे उचलले. वरच्या फांदीवर बसलेला प्राणी आता उभ्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा वर आला. एवढ्या एका बदलानं ठेच्याचं फुसफुसणं निम्मं झालं, आणि कुणी काही शिकवलं नव्हतं. सायचा पिंजरा आतल्या खोलीत हलवला. ठेच्याच्या पिंजऱ्यात जास्वंदाच्या दोन कुंड्या ठेवल्या, जाईल तिथं आडोसा मिळावा म्हणून. व्हेल्ड ती पानंही खातो.

पाणी हा लातुरात वेगळाच विषय आहे. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या या शहरात सरड्यासाठी ठिबक लावायचं म्हटल्यावर आजींनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरणार नाही. पण शॅमेलिऑन वाटीतलं साचलेलं पाणी सहसा ओळखत नाही, पानावरचा हलता थेंब चाटतो. बोअरच्या पाण्यानं पानांवर पांढरे डाग पडायचे, म्हणून पिण्याच्या आरओचं पाणी सलाइनच्या जुन्या नळीतून थेंबथेंब सोडलं. दिवसाला अर्धा लिटर लागलं. खाली पडलेलं तुळशीला जाऊ लागलं, तेव्हा आजींचा विरोध मावळला.

खाण्याच्या बाबतीत मात्र मराठवाडा श्रीमंत निघाला. झुरळं आणि रातकिडे पुण्याहून ट्रॅव्हल्सनं येत, वाटेत उन्हानं निम्मे मरत. सरांच्या मावसभावाची औशाकडे तुती आहे, रेशमाची शेड आहे. रेशीम अळी मऊ, पाणीदार, कमी चरबीची, आणि सावकाश हलते. लाजऱ्या शॅमेलिऑनला लालूच दाखवायला याहून चांगलं काही नाही. एकच पथ्य: कात टाकायच्या वेळी शेडमध्ये अळ्यांवर जंतुनाशक पावडर मारतात, त्याआधीच्या अळ्या घ्यायच्या आणि घरी दोन दिवस स्वच्छ पाल्यावर ठेवायच्या. सोयाबीनमधले नाकतोडे फुकट मिळतात म्हणून मुलगा आणायला निघाला होता, त्याला थांबवलं. फवारलेल्या रानातला किडा म्हणजे विषाची पुडी.

मग खडूची रेघ. सरांकडे खडूंची कमी नव्हती. शहाबादी फरशीवर पिंजऱ्यापासून पाच फुटांवर पहिली रेघ मारली. मुलानं तिथं स्टुलावर पाठमोरं बसून दहा मिनिटं पुस्तक वाचायचं, बस्स. ठेचा काळा न पडता नुसता एक डोळा फिरवून बघतो, ते अंतर त्या दिवसाचं. दुसऱ्या दिवशी रेघ टीचभर पुढे. काळा पडला तर मागे. तो फुसफुसायच्या आधी थांबायचं हा नियम, कारण फुसफुसल्यावर मागे हटलो तर फुसफुसणं कामाला येतं हे तो शिकतो, आणि नाही हटलो तर चावणंच कामाला येतं हे शिकतो. दोन्हीकडून तोटा आपलाच.

सरांनी रजिस्टर घातलं: तारीख, रेघ, रंग, खाल्लं की नाही. मास्तर माणूस, एकही दिवस चुकला नाही.

मध्येच साय

माझ्या भेटीनंतर अकराव्या दिवशी रात्री फोन. “ताई, साय खाली उतरलीय, कुंडीतली माती उकरायलीय. तीन दिवस जेवली नाही.”

मी फोन कानाला धरून पहिल्या भेटीतले ते निळे-पिवळे ठिपके आठवत राहिले. व्हेल्ड मादीच्या अंगावर गडद रंगात तसे ठिपके म्हणजे पोटात अंडी. नर जवळ आलेला नसला तरी या जातीची मादी अंडी घालते, कोंबडीसारखी, फक्त एका वेळी वीस-तीसपासून साठ-सत्तरपर्यंत. खणायला खोल ओली वाळू मिळाली नाही तर अंडी आतच अडकतात आणि मादी मरते. दिवसाउजेडी मिटलेले डोळे हे शॅमेलिऑनमध्ये नेहमीच आजाराचं किंवा मोठ्या ताणाचं लक्षण. मुलाच्या खांद्यावरची ती ‘गरीब गाय’ थकलेली होती. झाडाला घट्ट धरून बसायचं बळ नव्हतं, म्हणून मिळेल त्या खांद्यावर बसत होती.

निर्णयाची वेळ हीच. रात्रीच गाडी करून पुण्याला न्यायचं, सात-आठ तासांचा हादऱ्यांचा प्रवास? की खणायची सोय करून सकाळपर्यंत थांबायचं? सरपटणाऱ्या प्राण्यांवर हात बसलेले डॉक्टर जवळपास नव्हते. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, पण रात्री दहाला दार कुणाचं ठोठावणार? पुण्याच्या एका डॉक्टरांना व्हिडिओवर गाठलं. त्यांनी तीन प्रश्न विचारले. फांदी धरते का? धरत होती. डोळे खोल गेलेत का? थोडे. उकरणं जोरात आहे की उगाच? जोरात. अजून ताकद आहे, आधी वाळू द्या, त्यांचं मत पडलं. सकाळपर्यंत अंडी आली नाहीत तर लातुरात एक्स-रे काढून पुढे बघू. इंजेक्शनचं नाव त्यांनी सांगितलं नाही, आणि तेच बरोबर होतं. आत वाट अडलेली असताना कळा आणणारं औषध दिलं तर जीव जातो.

वीस लिटरच्या बादलीत धुतलेली वाळू एक फूट खोल भरली, मूठ दाबली की आकार टिकेल इतपत ओली. सायला त्यात ठेवलं. ती खणू लागली आणि घरातली चारही माणसं बादलीभोवती गोळा झाली. ती थांबली. पाच मिनिटांनी पुन्हा खणू लागली, मुलानं मोबाईलचा टॉर्च मारला, पुन्हा थांबली. खणताना पाहिलं गेलं की ही मादी खड्डा अर्धवट सोडते. मी फोनवरून तेच सांगत होते, पण एवढ्या गलबल्यात कुणाला ऐकू येणार.

ऐकलं आजींनी. त्या उठल्या, पेटीतलं जुनं लुगडं काढून बादलीभोवती गुंडाळलं आणि सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. “बाळंतिणीला आडोसा लागतो का नाही? हला इथून.” दाराशी स्वतः बसल्या.

पहाटे पाचला वाळू सपाट होती आणि साय वर फांदीवर, पोट खपाटीला. सरांनी उकरून मोजली: ३८ अंडी. नराशी संबंधच आला नव्हता, त्यामुळे त्यातून काही निघणार नव्हतं. आजींनी ती जास्वंदाखाली पुरली.

डॉक्टरांच्या सल्ल्यानं पाणी वाढवलं, कॅल्शियम वाढवलं, दोन आठवडे हात लावायला बंदी. पुढच्या वेळी अंडी कमी यावीत म्हणून नंतर तिचं खाणं आठवड्यातून तीन वेळांवर आणलं आणि शेकायची जागा २७ अंशांच्या आसपास ठेवली. भरपूर खाणं आणि भरपूर ऊब मिळाली की व्हेल्ड मादी मोठमोठ्या खेपा टाकत सुटते आणि आयुष्य घटवून घेते.

ठेच्याचं काय झालं

चौथ्या आठवड्यात रेघ दोन फुटांवर होती. अळ्या पारदर्शक कपात ठेवून कप जाळीच्या आत धरायचा, हात खालून. जीभ सुटायला सहा दिवस लागले. ती अंगापेक्षा लांब जीभ पहिल्यांदा कपावर ‘टप’ वाजली, तेव्हा मुलगा एवढा दचकला की कपच पडला. चिमट्यानं द्यायचं मी टाळलं, धातूवर जीभ आपटून इजा होते.

सातव्या आठवड्यात उघड्या तळहातावरून अळी उचलली. दहाव्या आठवड्यात हाताच्या पलीकडे कप धरला. ठेचा बराच वेळ पुढेमागे झुलत राहिला, मग एक पाय बोटावर ठेवून परत घेतला. मुलानं हात हलवला नाही. दुसऱ्या दिवशी दोन पाय. बाराव्या आठवड्यात चारही.

सरांच्या रजिस्टरमध्ये एक गोष्ट दिसली जी माझ्या लक्षात आली नसती. वाईट दिवस जवळपास सगळे दुपारचे होते. सकाळी आठच्या आत आणि खाण्याआधी ठेचा वेगळाच प्राणी असायचा. तेव्हापासून त्याला फक्त सकाळी बाहेर काढतात, हातावरून गच्चीतल्या जास्वंदावर, कोवळ्या उन्हात दहा मिनिटं. उतरवताना ओढत नाहीत, फांदी पुढे धरतात आणि वाट बघतात.

तिसरा पाहुणा

जुलैत मावसभावाचा सालगडी प्लास्टिकच्या बरणीत एक देशी शॅमेलिऑन घेऊन आला. “सर सरडे पाळतेत म्हणून आणला.” बाभळीवरून काढला होता. बाहेर काढला तर हातावर दगडासारखा बसून राहिला. मुलगा म्हणाला, “हा तर सायपेक्षा शांत!” सरांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि मुलगा स्वतःच म्हणाला, “घाबरलाय का?”

देशी शॅमेलिऑन १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, घरात ठेवणं गुन्हा. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवलं, त्यांच्या माणसासमोर त्याच शिवारात, त्याच बाभळीवर संध्याकाळी सोडला. सालगड्याची समजूत होती की हा थुंकला तर माणूस आंधळा होतो. आंधळं व्हायची भीती असूनही त्यानं तो मारला नाही, बरणीत घालून आणला, हे मी त्याला बोलून दाखवलं.

आता मागे पाहता

माझी चूक सरळ आहे. तक्रार ज्याची होती त्यालाच तपासलं. आता कुठल्याही घरी गेले की आधी गरीब म्हणतात ते जनावर बघते: डोळे, रंग, फांदीवरची पकड, दिवसा झोप. चावणारा बहुधा धडधाकट असतो.

सायला वाळूची बादली वयाच्या चौथ्या-पाचव्या महिन्यातच द्यायला हवी होती. हे विकणाऱ्यानं सांगायला हवं होतं, मीही पहिल्या फोनवर विचारायला हवं होतं. पुण्याला न जाण्याचा निर्णय योग्य ठरला, पण त्यात नशिबाचा वाटा होता. अंडी आत अडलेली असती तर त्या रात्रीचे सात तास महागात पडले असते. जवळचा एक्स-रे कुठे होईल, कोण डॉक्टर व्हिडिओवर बोलतील, हे प्राणी घरी आणायच्या आधी ठरवायचं असतं. आणि ठेच्याच्या बाबतीत मी दोन आठवडे लवकर हात पुढे करायला लावला असं मला वाटतं. रजिस्टरमध्ये पाचव्या आठवड्यात चार दिवस सलग ‘काळा’ लिहिलंय.

सध्या

ठेचा अजून पाहुण्यांना फुसफुसतो. खांद्यावर कधीच बसला नाही. सकाळी मुलाच्या हातावर येतो, सरांच्या हातावर कधी येतो कधी नाही, आजींनी हात पुढे केलेला नाही.

साय बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा पिंजऱ्याच्या अगदी वरच्या फांदीवर जाऊन बसली. त्याच संध्याकाळी मुलानं जुन्या सवयीनं वरून हात घातला. ती चपटी झाली, तोंड उघडलं आणि त्याच्यावर जोरात फुसफुसली. सरांनी मला लगेच फोन केला. मागून आजींचा आवाज येत होता, “आली का तोंडात जीभ पोरीच्या!”

मुलानं दुसऱ्या दिवशी आतल्या खोलीत, पाच फुटांवर, खडूची नवी रेघ मारली.